कॅम्परच्या बॅटऱ्या बदलल्या, कमी खर्चात

तारकर्लीला पहाटे तीनलाच आमच्या कॅम्परचा (राहायची सोय असलेल्या गाडीचा) फ्रिज बंद पडला. मागे 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या. घरी चार्ज करून, सुट्या करून रात्रभर ठेवल्या: एक 12.5 व्होल्ट, दुसरी 10.6. म्हणजे दुसरीतला एक सेल (सुमारे दोन व्होल्टचा कप्पा) गेलेला, आणि ती चांगलीलाही रिकामी करत होती. एकच बदलायचा मोह झाला. पण जुनीसोबत नवी जोडली की नवीही लवकर जाते. लिथियम परवडेना. शेवटी दोन्ही जुन्या देऊन इन्व्हर्टरची 150 अँपिअर-अवरची एकच ट्युब्युलर (नळीदार प्लेट्सची लेड-ॲसिड) बॅटरी घेतली. उंची आधी मोजा, ही बरीच उंच असते! चार्जिंगला हायड्रोजन हा पेट घेणारा वायू निघतो, म्हणून पेटीतून बाहेर नळी काढली. वायर काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. चार्ज निम्म्याखाली उतरू देत नाही. फ्रिज आता सकाळपर्यंत चालतो.