तोंड आलंय, डोळे आलेत, उन्हाळीही लागलीय? या चुका टाळा

तोंड आलं की गुलकंद, अंगावर पित्त उठलं की कोकमाचं आगळ, उन्हाळी लागली की धण्याचं पाणी. एकेकटी तक्रार असली तर असे उपाय बहुधा चालून जातात. पण तोंड, डोळे आणि लघवीची जागा दोन-तीन दिवसांत एकदमच जळायला लागली, सोबत ताप असला आणि अंगावर डाग उठू लागले, तर ‘उष्णता वाढलीय’ म्हणून गप्प बसणं ही पहिली आणि सगळ्यात महागडी चूक.

हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम असू शकतो. १९२२ मध्ये स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन अमेरिकी डॉक्टरांनी दोन मुलांमधला हा आजार नोंदवला, तेव्हाही ताप आणि पुरळ यांच्या जोडीला तोंड आणि डोळेच होते. आजार दुर्मीळ आहे, पण वेग भयंकर. शरीराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी कातडी सुटली तर हे नाव. ३० टक्क्यांच्या वर गेली तर त्याला टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस म्हणतात, आणि त्यात ढोबळमानाने तिघांतला एक दगावतो. रुग्णाचा बोटांसकट तळहात म्हणजे साधारण १ टक्का, एवढा हिशेब लक्षात ठेवला तरी पुरे.

दुसरी चूक गोळीच्या बाबतीत होते. ‘काल काय खाल्लं?’ असं सगळे विचारतात. विचारायला हवं, गेल्या दोन महिन्यांत नवीन काय सुरू झालं? मोठ्या माणसांत हा आजार बहुतेक वेळा औषधामुळे होतो, आणि तो साधारण ४ ते २८ दिवसांनी डोकं वर काढतो. फिटच्या कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, युरिक अॅसिडसाठीची अॅलोप्युरिनॉल, सल्फाच्या गोळ्या ही नेहमीची संशयित मंडळी. सुरुवातीला फक्त ताप, घसादुखी, डोळ्यांची आग असते. त्या तापासाठी घेतलेल्या गोळीवर मग सगळा आळ येतो, आणि तीन आठवड्यांपूर्वीची खरी गोळी सकाळ-संध्याकाळ पोटात जातच राहते.

म्हणून दवाखान्यात जाताना घरातली सगळी पाकिटं पिशवीत भरून न्या, चूर्ण-काढेसुद्धा. संशयित गोळीच्या पुढच्या वेळेआधीच दवाखाना गाठा. फिटची गोळी असेल तर तिच्याजागी काय द्यायचं ते तिथेच ठरेल. घरात उरलेली दुसरी गोळी आपल्या मनाने सुरू करू नका: कार्बामाझेपिन, फेनिटॉइन आणि फिनोबार्बिटोन या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी, एकीचं वावडं असलेल्याला दुसरीचंही असू शकतं.

पित्त आणि हे, फरक कसा ओळखायचा? पित्ताच्या गांधी खाजतात आणि एक गांध सहसा दिवसभरात विरते. इथे खाजेपेक्षा दुखणं जास्त. चादर लागली तरी कळ येते. डाग जांभळट होतात, मध्यभागी काळपटतात, त्यावर फोड येतात, ओठांवर रक्ताळलेल्या खपल्या धरतात. काही ठिकाणी ‘कातडी चोळून बघा, सरकते का’ असं वाचायला मिळतं. ती डॉक्टरांची तपासणी आहे, कृपा करून घरी करू नका. रोज मोबाइलवर एक फोटो काढा, त्याचा जास्त उपयोग होतो.

फोड फोडणं, हळद किंवा गेरू लावणं, चिकटलेला कपडा ओढून काढणं, हे काहीच नको. कातडी सुटलेला रुग्ण भाजलेल्या माणसासारखाच असतो: अंगातलं पाणी जातं, जंतू शिरतात. त्वचेच्या डॉक्टरची पुढच्या सोमवारची वेळ घेऊन घरी थांबू नका. अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयातच जा, आणि डोळ्यांचे डॉक्टर पहिल्याच दिवशी बघतील असा आग्रह धरा. कातडी भरून येते. डोळ्यांत पडलेले व्रण मात्र नजर घेऊन जाऊ शकतात.

फोड येणारा प्रत्येक आजार हाच नसतो. महिनोन्‌महिने न भरणारं तोंड आणि अंगावर लिबलिबीत फोड असतील तर पेम्फिगस असू शकतो. लहान बाळाची कातडी भाजल्यासारखी सोलवटली पण तोंड आतून स्वच्छ असलं, तर बहुधा स्टॅफिलोकॉकस जंतूच्या विषाचं काम. दोन्हींत डॉक्टर लागतोच, बाळासाठी तर त्याच दिवशी.

रुग्ण बरा होऊन घरी आल्यावरची चूक शेवटची. ‘त्या पिवळ्या पाकिटातली गोळी चालत नाही’ एवढंच घरच्यांच्या लक्षात राहतं. तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या निळ्या पाकिटातही मिळतं. डिस्चार्जच्या कागदावरून औषधाचं मूळ नाव एका कार्डावर लिहून घ्या, आणि मेडिकलमध्ये असो की दाताच्या दवाखान्यात, चिठ्ठी घेण्याआधी ते कार्ड पुढे करा.