मिशिगनमधला पहिला फूड प्लॉट: कधी काय करायचं

मिशिगनमध्ये शिकारीसाठी जागा घेतलीये आणि यंदा पहिल्यांदाच हरणांसाठी फूड प्लॉट, म्हणजे त्यांना चरायला पिकाचा तुकडा, पेरायचा विचार आहे, अशांसाठी हे लिहितोय. भारतात 1972 च्या कायद्यापासून शिकार बंद, तिथला शेतकरी रोही आणि डुकरं हाकलायला रात्र जागवतो, त्यामुळे हरणांसाठी मुद्दाम पेरायचं हे गावाकडच्यांना विचित्र वाटेल, पण इथे व्हाइटटेल जातीची हरणं भरपूर आहेत आणि लायसन्स काढून शिकार करता येते.

बियाण्याची पिशवी घ्यायची घाई अजिबात करू नका, आधी माती तपासा. बर्फ वितळला की दहा-पंधरा ठिकाणची सहा इंच खोलपर्यंतची माती बादलीत एकत्र करून मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या मार्फत टेस्ट करून घ्या. झाडी तोडून काढलेली जागा बहुतेक वेळा आम्लट निघते, क्लोव्हरला (हा द्विदल चारा) पीएच साडेसहाच्या आसपास लागतो आणि चुना टाकल्यावर त्याचा परिणाम व्हायला महिने लागतात, म्हणून चुना वसंतातच टाकून मातीत मिसळायचा. लोक महागडं बियाणं आणतात आणि चुन्यावर पैसे वाचवतात, माझ्या मते हे उलटं आहे.

जागा निवडताना अर्धा एकर, म्हणजे आपले वीस गुंठे, पुरे. निदान पाच-सहा तास ऊन हवं. आणि तुम्ही स्टँडवर, म्हणजे शिकारीसाठी दबा धरायच्या जागेवर, जाणार कुठून हे पेरायच्या आधी ठरवा, कारण वाऱ्याने तुमचा वास प्लॉटवर गेला किंवा संध्याकाळी परत निघताना चरणारी हरणं उधळली की ती पुढे अंधार पडल्यावरच येतात, मग पीक कितीही छान असू दे.

जुलैत तणनाशकाने तण मारायचं, त्याचं लेबल वाचून, आणि मग एक-दोन आठवडे थांबून जमीन मोकळी करायची. जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत पाऊस बघून टर्निप (सलगम) आणि रेप (मोहरीच्या कुळातलं पालेदार पीक) पेरा, एकरी पाच-सहा पाउंड, त्याहून दाट नको, दाट झालं की सगळंच खुरटतं. थंडी पडली की पाल्यात साखर वाढते. उरलेल्या भागात ऑगस्टअखेरीपासून सिरियल राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य), एकरी साधारण शंभर पाउंड, सोबत थोडे ओट्स, आणि त्यातच क्लोव्हर. पहिल्या वर्षी एकच काही पेरायचं असेल तर रायच पेरा, हलक्या जमिनीतही येते, फक्त दुकानात रायग्रास हातात देतील ते घेऊ नका, ते वेगळं गवत आहे. क्लोव्हरचं बी पाव इंचापेक्षा खोल गेलं तर उगवत नाही, त्याला इनॉक्युलंट (मुळांवर नत्र धरणारे जिवाणू) लावलेलं आहे का बघा, आणि पिशवीवर कोटिंगचं वजन किती तेही वाचा, कारण कधीकधी तिसरा हिस्सा नुसतं कोटिंगच असतं.

मक्याचा ढीग ओतणं म्हणजे फूड प्लॉट नव्हे हं. रानातल्या हरणांमध्ये सीडब्ल्यूडी हा त्यांचा जीवघेणा मेंदूचा रोग इथे 2015 मध्ये सापडला आणि तो पसरू नये म्हणून लोअर पेनिन्सुलात, म्हणजे राज्याच्या दक्षिणेकडच्या भागात, 2019 पासून बेटिंगवर (आमिष म्हणून खाद्य टाकण्यावर) बंदी घातली, उभं पीक त्यात येत नाही, तरी दरवर्षी डीएनआरची (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याची) चालू नियमावली वाचूनच जा.

कामाला जाताना पँट मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर अंग नीट तपासा, गोचिडांमुळे लाइम डिसीज होतो.

ऑक्टोबरमध्ये ओकची फळं पडायला लागली की हरणं प्लॉट सोडून तिकडे जातात, तेव्हा घाबरून काही बदलू नका, ती फळं संपली की परत येतात. पेरल्या दिवशीच जाळीचा तीन-चार फुटी गोल पिंजरा मात्र प्लॉटमध्ये उभा करा, आत काय वाढलंय आणि बाहेर काय उरलंय ते कळतं. आत गुडघाभर आणि बाहेर जमिनीलगत असेल तर बियाण्याला दोष देऊ नका, जमिनीच्या मानाने हरणं जास्त झालीयेत, मग पुढच्या वर्षी प्लॉट वाढवा नाहीतर लायसन्समध्ये बसतात तेवढ्या माद्या मारा.