घर सांभाळून विणकामाचं डिझाइन: बाळाच्या एका स्वेटरचा हिशेब

सहा महिन्यांच्या बाळाचा साधा स्वेटर घ्या. गोल गळा, एका खांद्यावर दोन बटणं, डीके (मध्यम) जाडीची लोकर, ४ मिलिमीटरची सुई, दहा सेंटिमीटरला २२ टाके आणि २८ ओळी. पाठ आणि पुढचा भाग प्रत्येकी ५५ टाक्यांचे, सुमारे ७३ ओळींचे. त्यात दोन बाह्या आणि गळपट्टी धरली की एकूण टाके साधारण १२,००० भरतात. सुई वळवणं, मोजणं, गुंता सोडवणं धरून मिनिटाला सरासरी २० टाके होत असतील तर नुसतं विणायला दहा तास लागतात. शिवण, दोऱ्यांची टोकं लपवणं, धुणं, बटणं यांत आणखी दोन-तीन तास जातात.

इथवरचा अंदाज बहुतेक जणींचा बरोबर येतो. फसतो तो पुढचा. हाच स्वेटर पाच मापांत, दुसऱ्या कुणालाही जसाच्या तसा विणता येईल असा कागदावर उतरवायचा, तपासायचा, त्याचे फोटो काढायचे आणि पानांची मांडणी करायची, याला वीसेक तास लागतात. म्हणजे एका छोट्या पॅटर्नमागे, विकायच्या लिखित कृतीमागे, बत्तीस-तेहतीस तास. आठवड्याला मनापासून सहा तास मिळत असतील तर साडेपाच आठवडे आणि टेस्ट निटरना, म्हणजे पॅटर्न विकण्याआधी तो विणून तपासणाऱ्यांना, द्यायचे पाच आठवडे, असे जवळपास अडीच महिने. ज्यांना वाटतं की महिन्याला एक पॅटर्न निघेल, त्या तिसऱ्या महिन्यात घरच्यांवर चिडू लागतात. चूक घरच्यांची नसते, हिशेबाची असते.

आता यातलं कुठलं काम घरात कधी करायचं, हे नीट ठरवलं पाहिजे. विणकामाच्या डिझाइनमध्ये हाताचं काम आणि डोक्याचं काम सरळ वेगळं काढता येतं. सुलट-उलट ओळी, बाहीचा सरळ भाग, बॉर्डर हे हाताचं. कुकरच्या शिट्ट्या मोजत, मुलाचे पाढे ऐकत, बसस्टॉपवर उभं राहून ते होतं. मापं काढणं, टाक्यांचं गणित, मुंढ्याची आणि गळ्याची घट लिहिणं, नक्षीचा आलेख भरणं हे डोक्याचं. मध्ये दार वाजलं तरी त्यात चूक शिरते, आणि ती चूक पंधरा दिवसांनी परदेशातल्या कुणाच्या तरी सुईवर सापडते. नवख्या जणी नेमकं उलट करतात. घर शांत असलेला सकाळचा एक तास त्या विणण्यात घालवतात, कारण विणण्यात मन रमतं, आणि आकडेमोड रात्री पेंगुळल्या डोळ्यांनी उरकतात. सकाळचा तो तास आकड्यांनाच द्यावा. दिवसभरात विणण्यासाठी दहा-दहा मिनिटं पुष्कळ सापडतात.

आकडेमोड किती नाजूक असते ते याच स्वेटरवर पाहा. ३, ६, १२, १८ आणि २४ महिने या मापांना छातीचा घेर अनुक्रमे ४०.५, ४३, ४५.५, ४८ आणि ५०.५ सेंटिमीटर धरतात. त्यात ५ सेंटिमीटर सैलपणा घालून निम्मा करा, २.२ ने (सेंटिमीटरला तेवढे टाके) गुणा, शिवणीत जाणारे दोन टाके मिळवा. उत्तरं येतात साधारण ५२, ५५, ५८, ६० आणि ६३. आता बॉर्डर दोन सुलट दोन उलट ठेवायची म्हटली तर टाके चारच्या पटीत अधिक दोन हवेत, म्हणजे ५०, ५४, ५८, ६२. मापं पाच आणि आकडे चार. १८ महिन्यांच्या बाळाला एक तर १२ महिन्यांचाच स्वेटर मिळतो, नाहीतर २४ महिन्यांचा. बॉर्डर एक सुलट एक उलट केली की विषम आकडा चालतो आणि ५१, ५५, ५७, ६१, ६३ अशी पाच वेगळी मापं बसतात. सैलपणा प्रत्येकाला ४ ते ५.६ सेंटिमीटरच्या मध्ये राहतो. हा निर्णय पहिला टाका घालण्याआधी व्हायला हवा. नमुन्याचा स्वेटर दोन-दोनच्या बॉर्डरने विणून झाल्यावर हे लक्षात आलं तर उसवण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून आधी सगळ्या मापांचं गणित स्प्रेडशीटमध्ये करायचं, मग सुई हातात घ्यायची. एका मापाचं विणून बाकीची मापं नंतर काढू म्हणणं हा सगळ्यांत महागडा शॉर्टकट आहे.

गणिताचा पाया म्हणजे नमुन्याचा चौकोन. तो टाळला जातो, कारण त्यातून वस्तू तयार होत नाही. ३४ टाके घालून १५ सेंटिमीटरचा चौकोन विणा. तयार स्वेटर जसा धुतला जाणार तसाच तो धुवा, पूर्ण वाळू द्या आणि कडा सोडून मधल्या दहा सेंटिमीटरमध्ये मोजा. दहा सेंटिमीटरला २२ ऐवजी २१ टाके पडले तर बाळाच्या स्वेटरच्या घेरात दोन सेंटिमीटरचा फरक पडतो. मोठ्या माणसाच्या २०० टाक्यांच्या स्वेटरमध्ये तोच फरक चार सेंटिमीटरच्या वर जातो. घरच्या धबडग्याचा संबंध इथेही येतो. सकाळी निवांत बसून विणलेला नमुना आणि रात्री दमल्यावर विणलेली पाठ यांचा ताण सारखा नसतो. काहींचा हात थकल्यावर घट्ट पडतो, काहींचा सैल. दर दहा सेंटिमीटरला काम सपाट ठेवून मोजत जा, म्हणजे फरक वेळीच कळतो.

उठावं लागणार हे गृहीत धरूनच बैठक ठरवा. ओळ पूर्ण केल्याशिवाय उठायचं नाही, ही शिस्त चांगली. पण तान्हं रडायला लागलं की ती मोडते, म्हणून जाळीच्या नक्षीत तरी वाचवणारा दोरा घाला: वेगळ्या रंगाचा सुती दोरा रफूच्या सुईत ओवून दर आठ-दहा ओळींनी सुईवरच्या सगळ्या टाक्यांमधून काढायचा. टाका निसटला तरी त्या दोऱ्यापर्यंतच उसवतं. दोरा उलट ओळ संपल्यावर घालावा, म्हणजे पुन्हा टाके उचलताना नक्षीची ओळ शोधत बसावं लागत नाही. ओळींचा आकडा मोबाइलवर न लिहिता कागदावर लिहा. मोबाइल हातात घेतला की त्यावर चार निरोप आलेले दिसतात आणि आकडा राहून जातो.

रांगतं मूल घरात असेल तर सरळ लांब सुया आणि दोन्हीकडे टोकं असलेल्या सुया बाजूला ठेवून गोलाकार सुई वापरा. उठताना सगळे टाके मधल्या वायरवर ढकलले की ओढाओढीतही ते पडत नाहीत. पिशवी जमिनीवर ठेवायची नाही, दाराच्या वरच्या कडीला टांगायची. तिच्यात एकच प्रोजेक्ट, एकच गुंडा, टेप, कात्री आणि वही. लोकरीचं लेबल वहीत चिकटवून ठेवा, कारण रंगाचा लॉट नंबर त्यावरच असतो आणि वेगळ्या लॉटचा गुंडा मध्येच जोडला तर पट्टा उठून दिसतो. विणताना शेजारी हळदीचे हात येणार नाहीत याची काळजी घ्या. पांढऱ्या लोकरीवरचा हळदीचा डाग साबण लागताच लालसर होतो. तेव्हा घाबरून घासू नका, लोकर फेल्टसारखी आटते. हलक्या हाताने धुऊन थोडा वेळ उन्हात ठेवला की डाग बराच फिकट होतो.

मनगटांचाही विचार करायला हवा. कणीक मळणं, कपडे पिळणं आणि घट्ट बॉर्डर विणणं यांत जवळपास तेच स्नायू राबतात. कणकेनंतर लगेच बॉर्डर घेऊ नका, मध्ये अर्धा तास जाऊ द्या. एका बैठकीत पंचवीस-तीस मिनिटांपलीकडे जायचं नाही. रात्री बोटं बधिर होत असतील किंवा अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल तर विणणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. टेस्ट निटर दोन आठवडे थांबतात, मनगट दुखावलं तर दोन महिने जातात.

आता वर्षाचं वेळापत्रक. लोकरीच्या पॅटर्नची मागणी आपल्याकडे दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि युरोप-अमेरिकेत सप्टेंबरपासून. म्हणजे पॅटर्न ऑगस्टअखेर तयार हवा. नेमके त्याच सुमाराला गणपती, गौरी, मग नवरात्र आणि दिवाळी. ज्या घरात गौरी बसतात तिथे त्या पंधरवड्यात डिझाइनचं काम होणार नाही, हे आधीच मान्य करावं. सोयीचा क्रम असा पडतो: जानेवारी-फेब्रुवारीत कल्पना, मापं आणि नमुने, कारण थंडीत घरची मुलं स्वेटर घालून दाखवायला तयार असतात. मोठ्या मुलाची दहावी-बारावी असेल तर मार्चपर्यंत फक्त हाताचं काम. एप्रिल-मे मध्ये घामाने अॅक्रिलिक सुईवर चिकटतं आणि मुलं सुट्टीवर असतात, तेव्हा सुती वस्तू किंवा टोपडं-मोज्यांसारखी लहान कामं. जूनच्या मध्याला शाळा उघडल्या की मापं लिहून पूर्ण करायची. जून-जुलैत पॅटर्न टेस्ट निटरकडे आणि ऑगस्टमध्ये टेक एडिटरच्या, म्हणजे पॅटर्नमधलं गणित आणि मजकूर तपासणाऱ्याच्या, शेवटच्या दुरुस्त्या.

पावसाळ्यात दोन अडचणी येतात. कोकणात धुतलेला स्वेटर पंख्याखालीही दोन-तीन दिवस ओला राहतो आणि त्याला कुबट वास लागतो, म्हणून टॉवेलमध्ये गुंडाळून आधी जास्तीत जास्त पाणी काढून घ्यावं. पिळू नये. शुद्ध लोकरीला कसर लागते, अॅक्रिलिकला लागत नाही. नमुने बंद पिशवीत वाळल्या कडुनिंबाच्या पाल्याबरोबर ठेवा आणि महिन्यातून एकदा काढून झटका. फोटोंना मात्र ढगाळ दिवस फार चांगला. टाके स्वच्छ दिसतात, सावल्या पडत नाहीत. मे महिन्यात फोटो काढायचेच असतील तर सकाळी आठच्या आत.

घरातल्या माणसांची मदत घ्यावी, पण कुठे हे पाहून. सासूबाई किंवा आई उत्तम विणत असतील तर एक बाही त्यांच्याकडे द्यावी असा मोह होतो. देऊ नका. दोन हातांचे दोन ताण एका नमुन्यात आले की दोन बाह्या जुळत नाहीत आणि पॅटर्नमधला लोकरीचा आकडाही चुकतो. त्यांना पहिल्या वाचक करा. लिहिलेली कृती मोठ्याने वाचून दाखवा आणि त्यांना सुईवर तसंच करायला सांगा. जिथे त्या थांबून ‘म्हणजे काय?’ विचारतील तिथे वाक्य बदला. पन्नास वर्षं विणणाऱ्या बाईला जे कळलं नाही ते विकत घेणाऱ्या नवख्या मुलीला कळणार नाही. शिवण आणि बटणं लावण्यात तर त्यांच्या इतकी सफाई क्वचितच कुणाला असते.

नातेवाइकांच्या मागण्या हा नाजूक विषय. ‘तू विणतेसच, मग आमच्या बाळालाही एक’ हे ऐकायची वेळ येतेच. त्यावर एक उपाय खरोखर चालतो: घरातल्या बारशांच्या तारखा डिझाइनच्या यादीत घाला. बाळंतविड्याचा संच, म्हणजे टोपडं, स्वेटर, मोजे आणि दुपटं, एकाच लोकरीत आणि एकाच नक्षीत केला तर नात्यातला आहेरही होतो आणि चार पॅटर्नचा पहिला संचही. फोटो काढून, मापं नोंदवून मगच वस्तू द्यायची. या संचात सुरक्षेचं भान ठेवा. मोज्यांत जाळीची नक्षी नको, आत रंगीत दोऱ्याचे लांब फेरेही नकोत, बाळाची बोटं त्यात अडकतात. गळ्याला नाडी नको. बटण दुहेरी दोऱ्याने पक्कं शिवावं. आणि गळा बाळाच्या डोक्यावरून सहज जायला हवा, खांद्याची बटणं त्यासाठीच असतात.

लोकर किती लागेल हे पॅटर्नवर लिहिताना अंदाज चालत नाही. सुरू करण्याआधी आणि संपल्यावर गुंडे वजनकाट्यावर ठेवा. वापरलेले ग्रॅम भागिले एका गुंड्याचे ग्रॅम, गुणिले लेबलवरचे मीटर, वर दहा टक्के. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. सुईचा आकार नेहमी मिलिमीटरमध्ये लिहा. आपल्याकडे दुकानात दहा नंबरची सुई मागितली तर ३.२५ मिलिमीटरची मिळते, अमेरिकेत दहा नंबर म्हणजे ६ मिलिमीटर. नुसता नंबर लिहिलेल्या पॅटर्नवरून तिथल्या कुणी विणलं तर स्वेटर बाळाच्या आजोबांना होईल.

विक्री २००७ साली सुरू झालेल्या रॅव्हलरी या विणकामाच्या संकेतस्थळावर करा किंवा आणखी कुठे. पॅटर्न बाहेर पडला की पहिल्या आठवड्यात प्रश्न येतात, आणि अमेरिकेतला दिवस म्हणजे आपली रात्र असल्याने ते जेवणं आटोपताना येतात. रात्री उत्तर देऊ नका. दमलेल्या डोक्याने सांगितलेला आकडा दुसरी चूक ठरतो. मुलं शाळेत गेल्यावरची वीस मिनिटं त्यासाठी ठेवा, प्रश्नातली ओळ स्वतः सुईवर विणून पाहा, मग लिहा. चूक खरीच असेल तर फाइल दुरुस्त करा, पहिल्या पानावर तारीख आणि आवृत्तीचा आकडा टाका, आणि ज्यांनी आधी विकत घेतलं त्यांना कुठल्या मापात, कुठल्या ओळीत, काय बदललं ते त्याच दिवशी कळवा.