रिदम स्ट्रिप वाचताना या चुका टाळा

तातडीच्या रुग्णाची रिदम स्ट्रिप (हृदयाच्या ठोक्यांची ईसीजी पट्टी) हातात आली की रिदमचं नाव आधी सुचतं आणि मोजणी राहून जाते. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

नाव ठरवण्याआधी नाडीवर हात ठेवा. थंडीची हुडहुडी, कंपवात किंवा सुटत आलेला इलेक्ट्रोड हुबेहूब व्हीटीसारखी (व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून निघणारे धोकादायक जलद ठोके) नक्षी काढतो. त्या गोंधळात ठरावीक अंतरावर बारीक टोकदार क्यूआरएस (खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची लहर, तिचं उंच टोक म्हणजे आर वेव्ह) दिसत असतील आणि ऑक्सिमीटरची लहर त्यांच्याशी जुळत असेल, तर तो आर्टिफॅक्ट, म्हणजे हृदयाबाहेरून आलेली खोटी नक्षी, आहे. रेघ सपाट दिसली आणि नाडी लागत नसेल तर सीपीआर लगेच सुरू करा. लीड (तारांची जोडणी) आणि गेन (लहरीची उंची ठरवणारं सेटिंग) दुसऱ्याने तपासावे.

मॉनिटरवरच्या आकड्यावर विसंबू नका. पोटॅशियम वाढल्यावर उंच झालेली टी वेव्हही (क्यूआरएसनंतरची लहर) यंत्र मोजतं आणि गती दुप्पट दाखवतं. २५ मिमी प्रतिसेकंद वेगाच्या कागदावर मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा असतो. ठोके नियमित असतील तर ३०० ला दोन आर वेव्हमधल्या मोठ्या चौकोनांनी भागा. अनियमित असतील तर ३० मोठ्या चौकोनांतले क्यूआरएस मोजून दहाने गुणा.

गती १५० च्या आसपास अडकून बसली असेल तर थांबा. सर्वांत जास्त निसटतो तो इथला एट्रियल फ्लटर (एट्रिया म्हणजे वरच्या कप्प्यांचा अतिजलद रिदम). एट्रियाचे मिनिटाला सुमारे ३०० ठोके, त्यातला एकाआड एक खाली उतरतो, आणि अहवालात 'सायनस टॅकिकार्डिया' (नेहमीच्याच जागेतून निघालेले जलद ठोके) लिहिलं जातं. ताप किंवा रक्तस्रावामुळे वाढलेली सायनसची गती सलाईन, औषधाने हळूहळू बदलते, फ्लटरची जवळजवळ हलत नाही. लीड २, ३, एव्हीएफ आणि व्ही१ मध्ये टी वेव्हच्या आत दडलेली दुसरी लहर शोधा. नियमित, अरुंद क्यूआरएसच्या रिदममध्ये ॲडिनोसिन ६ मिग्रॅ कोपराजवळच्या मोठ्या शिरेतून झटकन देऊन मागोमाग २० मिली सलाईन ढकलल्यावर फ्लटर उघडा पडतो, पण प्रिंट औषधाच्या आधीच सुरू हवी. ती मोजकी सेकंदं परत मिळत नाहीत.

क्यूआरएस ०.१२ सेकंद किंवा त्याहून रुंद, जलद आणि नियमित असेल तर दुसरं सिद्ध होईपर्यंत व्हीटीच समजा. 'रुग्ण बोलतोय, बीपी ठीक आहे, म्हणजे एसव्हीटी असेल' (खालच्या कप्प्यांच्या वरून सुरू होणारे जलद ठोके) हा तर्क घातक आहे. त्यावर व्हेरापामिल दिलं की रक्तदाब कोसळू शकतो. रुंद, अनियमित, २०० च्या वर आणि प्रत्येक ठोक्याची रुंदी वेगळी, असं दिसलं तर वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणाऱ्या जादा वाहिनीतून उतरणारं एएफ (एट्रियल फिब्रिलेशन, वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) असू शकतं. तिथे ॲडिनोसिन, व्हेरापामिल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन आणि बीटा ब्लॉकर टाळा, कारण व्हीएफ (खालच्या कप्प्यांची जीवघेणी थरथर) सुरू होण्याचा धोका असतो. नाडी आहे, पण रक्तदाब घसरलाय किंवा शुद्ध हरपतेय अशा रुग्णात नावावर वाद घालत बसू नका. सिंक्रोनाइज्ड शॉकची (ठोक्याशी वेळ जुळवून दिलेला विजेचा झटका) तयारी करा आणि सिंकची खूण टी वेव्हवर नाही, आर वेव्हवरच पडतेय ना, हे डोळ्यांनी पाहा.

ठोका गळाला की लगेच 'ब्लॉक' लिहू नका. आधीच्या टी वेव्हचा आकार बदललाय का बघा. त्यात वेळेआधी आलेली, खाली न पोहोचलेली पी वेव्ह (वरच्या कप्प्यांच्या ठोक्याची लहर) बऱ्याचदा सापडते.

आणि एसटीचा (क्यूआरएस आणि टी वेव्हमधला भाग, जो हार्ट अटॅकमध्ये वर-खाली होतो) निर्णय मॉनिटरच्या स्ट्रिपवर कधीच नको. मॉनिटर मोडचा फिल्टर एसटी खरोखर वर-खाली सरकवतो. छातीत दुखत असेल तर १२ लीडचा ईसीजी काढा.