स्लीव्ह पॅसेजमध्ये निघाले! बीआयएममधल्या या चुका टाळा

बीआयएमचा, म्हणजे इमारतीचं माहितीसकट त्रिमितीय मॉडेल संगणकावर उभं करण्याचा, फायदा काय, असं विचारलं की नवी पोरं गरगर फिरणारं मॉडेल दाखवतात. मला विचाराल तर फायदा एवढाच: पाइप बीमवर आदळतोय हे स्लॅब भरायच्या आधी कळतं. संगणकावर दहा मिनिटांचं काम, साइटवर दहा दिवसांचं. आणि हाच फायदा लोक पहिल्या दिवशी घालवून बसतात.

कसा? ओरिजिन, म्हणजे सगळ्यांच्या फाइलींचा मूळ बिंदू, न जुळवता. सर्व्हेची फाइल बहुधा यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीत, येते. पुण्यात उत्तरेचा आकडाच 20 लाख मीटरच्या पुढे. तो तसाच रेव्हिट या मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये ओतला की रेषा थरथरायला लागतात, कारण मूळ बिंदूपासून 16 किलोमीटरपलीकडे त्याचा हिशेब भरवशाचा राहत नाही. मग कुणी घायकुतीला येऊन लिंक, म्हणजे आपल्या मॉडेलमध्ये जोडलेली दुसऱ्याची फाइल, माउसने ओढतो आणि नजरेच्या अंदाजाने 'बसवतो'.

आमच्या एका इमारतीत प्लंबिंगवाल्याने हेच केलं. फरक 300 मिलीमीटरचा. क्लॅश रिपोर्ट (काय कशावर आदळतंय त्याची यादी) स्वच्छ, सगळे खूश. स्लीव्ह (पाइपासाठी स्लॅबमध्ये आधीच ठेवायच्या नळ्या) मॉडेलबरहुकूम लागले, स्लॅब रात्री भरला. शटरिंग उतरलं तेव्हा टॉयलेटच्या शाफ्टमध्ये हवे असलेले स्लीव्ह पॅसेजमध्ये! कोअर कटिंग करायला, म्हणजे भरलेल्या काँक्रीटला नवी भोकं पाडायला, गेलो तर दोन जागी बीम जवळ, स्ट्रक्चरल कन्सल्टंटने सरळ नकार दिला. शेवटी पाइपांना ऑफसेट, म्हणजे बाजूला वळणं, द्यावे लागले, त्यात फॉल्स सीलिंग खाली आलं, आणि आर्किटेक्ट महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

तेव्हापासून ए आणि 1 या ग्रिडच्या (कॉलमच्या आखणीच्या) रेषांच्या छेदावर, शून्य लेव्हलला, प्रत्येकाच्या फाइलमध्ये एक लाल ठोकळा ठेवायला लावतो. दुसरा लांबच्या कोपऱ्यावर, म्हणजे फाइल फिरली असेल तर तेही कळतं. लिंक केल्यावर ठोकळे एकमेकांवर न बसता एकाच कोपऱ्यात दोन वेगळे दिसले तर काम बंद. पोरं हसतात. हसू देत.

क्लॅश रिपोर्ट जसाच्या तसा मेल करू नका. तीन हजार ओळी कुणी वाचत नाही. मी आधी बीम विरुद्ध सांडपाण्याच्या लाइनी तपासतो. केबल ट्रे वर-खाली करता येतो; 1:100 उताराची लाइन 20 मीटरमध्ये 200 मिलीमीटर खाली उतरणारच, तिला पर्याय नाही.

दरवाजाच्या कडीचे स्क्रू मॉडेल करू नका.

नागपूर मेट्रोने मॉडेलला वेळ आणि खर्च जोडून 5डी केलं, म्हणून पहिल्याच आठवड्यात 5डी मागू नका. आधी भिंतींना धड नावं द्या.

चालू कामात रेव्हिटची आवृत्ती परस्पर बदलू नका; नव्यात सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही.

आणि साइटवर बदललेलं त्याच आठवड्यात मॉडेलमध्ये आणा. वर सांगितलेल्या स्लीव्हच्या इमारतीचं सुपूर्द झालेलं मॉडेल उघडून बघा, ते दोन पाइप अजून सरळच उतरतात.