शाम्पू ओढला जात नव्हता: वॉशिंग सेंटरवरचा माझा अनुभव

आमच्या वॉशिंग सेंटरवर फोम पाण्यासारखा पातळ पडायला लागला. पोरांनी कॅनमध्ये शाम्पू वाढवला, तरी फरक नाही. उलट कॅनमधली पातळी हळूहळू वर चढत होती, आणि खरी खूण तीच होती.

आमचं इंजेक्टर, म्हणजे पाण्यात शाम्पू मिसळणारा भाग, व्हेंचुरीवर चालतं. दाबाचं पाणी अरुंद भोकातून जोरात जातं, तिथे दाब कमी होतो आणि शाम्पू आपोआप ओढला जातो. पाणी उलटं कॅनमध्ये येत असेल, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) नीट बसत नाही, हे उघड आहे.

पंप बंद केला, गनचा ट्रिगर दाबून लाइनमधला दाब सोडला, हातमोजे-चष्मा घातला आणि मगच इंजेक्टर उघडलं. बोअरच्या जड पाण्याचा क्षार व्हॉल्व्हच्या बॉलवर बसला होता. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून सुटे भाग त्यात भिजत घातले, मऊ ब्रशने घासले. भोकात तार किंवा सुई घालू नका. भोक मोठं झालं की प्रमाण कायमचं बिघडतं. आम्ल ब्लीचजवळ तर अजिबात नेऊ नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

जोडल्यावर शाम्पूच्या नळीत बुडबुडे दिसले, म्हणजे हवा शिरत होती. टोक कडक झालं होतं. तेवढं कापून नवा क्लॅम्प लावला. मग मापाच्या भांड्यातून १ मिनिटात किती शाम्पू ओढला जातो ते मोजून भिंतीवर लिहिलं. पाण्याच्या लाइनला सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा कमी करणारं यंत्र) बसवायचं काम अजून बाकी आहे.