थोडे थोडे हीटिंग ऑइल घेताना
उत्तर आयर्लंडमधील बहुसंख्य घरे तेलावर तापवली जातात. परंतु घराच्या तेलटाकीत एकदम 500 लिटर भरण्याइतके पैसे हाताशी नसतील, तर पेट्रोल पंपावर मिळणारे तेलाचे 20 लिटरचे ड्रम उपयोगी पडतात, जरी लिटरमागे दर चढाच पडतो, म्हणजे ज्याची ऐपत कमी त्यालाच तेल महाग. आपला बॉयलर, म्हणजे तेल जाळून घर तापवणारे यंत्र, केरोसीनवर चालतो याची आधी खात्री करावी. डिझेल त्यासाठी योग्य इंधन नाही. टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नये, कारण तळचा गाळ व हवा नळीत शिरली की बॉयलर बंद पडतो आणि तंत्रज्ञाचा खर्च ड्रमहून जड जातो. ओतताना बॉयलर बंद ठेवावा, जाळीचे नरसाळे वापरावे आणि ढवळलेला गाळ खाली बसेपर्यंत तासभर थांबावे.